दोनशे भाग वर

३ नोव्हेंबर, सोमवार

मुलीचा फोन आला. तिला आईचं युकुलेले हवं आहे. "बाबा, नुसतं खोक्यात भरून पाठवू नकोस. आई लावायची तसं लाव, नीट चालतंय ना ते बघ, आणि मग पाठव." नीट चालतंय ना ते बघणं हा माझा छत्तीस वर्षांचा धंदा आहे, हे ती विसरली असावी. मी वजनकाटे तपासतो. निवृत्त झालो तरी प्रयोगशाळा मला अकरा ते पाच बोलावते, कारण नव्या लोकांना सगळ्याची घाई असते.

कपाटावरून काढलं. ही गेल्यापासून दीड वर्ष तिथेच होतं. हातभर लांब, नायलॉनच्या चार तारा, गिटारच्या घरातलं शेंडेफळ. सूर लावून बाहेरच्या खोलीत स्टुलावर ठेवलं आणि चहा करून येतो तो एक तार उतरलेली. खुंट्या जुन्या पद्धतीच्या आहेत. त्यांना दाते नाहीत, नुसत्या घर्षणावर तार धरतात, आणि आता धरत नाहीत.

मला वाजवता येत नाही. सूर लावता येतो, कारण त्याला कान लागत नाही, फोन लागतो. फोन अर्ध्या स्वराचे शंभर भाग करून दाखवतो. कुठली तार कुठल्या स्वरात, ते हिच्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. नियम ठरवला. सकाळी साडेदहाला, नाना आंघोळीला गेले की लावायचं. संध्याकाळी सहाला मोजायचं. सलग दहा दिवस पाच भागांच्या आत राहिलं तर पास. मगच पाठवायचं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली तार चाळीस भाग खाली, दुसरी पासष्ट, तिसरी बारा, चौथी तीस. सपशेल नापास. प्रत्येक खुंटीच्या टोकाला एक बारीक स्क्रू आहे, तो आवळला की पकड वाढते. चारही आवळले. पहिले दोन जरा जास्तच आवळले गेले.

मेव्हण्याचा फोन. "दाजी, त्या वृद्धाश्रमात एक जागा रिकामी होतेय. फॉर्म एकवीस तारखेपर्यंत द्या, नाहीतर पुढच्या माणसाला बोलावतील." जागा नानांसाठी. नाना म्हणजे माझे सासरे, वय चौऱ्याऐंशी. आमचं लग्न त्यांच्या मनाविरुद्ध झालं. ही घरातून निघाली ती एक बॅग आणि हे युकुलेले घेऊन. पुढची अठरा वर्षं ना त्यांनी आमच्याकडे पाऊल टाकलं, ना हिने तिकडे. दोघांचा हेका एकाच मापाचा. शेवटी हिच्या आजारपणात तिला बघायला म्हणून आले ते राहिले. ती गेली, ते आहेत. आता दोन पुरुष एका छताखाली, आणि मधला माणूस नाही. दिवसाला दहा-बारा शब्द होतात, त्यातले निम्मे 'मीठ द्या' ह्या विषयावर.

जागा चांगली आहे म्हणतात. नाही म्हणायला मला कारण सापडत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

विचित्र. पहिल्या दोन तारा जागच्या जागी. तिसरी १९८ भाग वर, चौथी २०१. तार उतरण्याऐवजी चढली आहे. विचार केल्यावर उलगडा झाला. दुपारी ऊन खिडकीतून सरळ स्टुलावर येतं. लाकूड फुगतं, तार ताणली जाते. स्टूल सावलीत सरकवलं.

फॉर्म वाचला. आठ पानं. शर्टाची बटणं स्वतः लावतात का? नाही, हात थरथरतात. वस्तू जागेवर ठेवतात का? परवा चष्मा फ्रीजमध्ये निघाला. डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तेव्हा बाराच्या बारा आकडे एका बाजूला दाटीवाटीने बसवले होते, तेही लिहिलं. 'एखादं काम स्वतःहून हाती घेऊन पूर्ण करतात का?' ह्यापुढे 'नाही' लिहिलं. सगळं पेन्सिलने. पहिली नोंद मी नेहमी पेन्सिलने करतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

बारीक स्क्रू-ड्रायव्हर हरवला. तासभर शोधला. शेवटी मावशींना नानांच्या धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात सापडला. मावशी म्हणजे दुपारी नानांपाशी बसायला येणाऱ्या बाई. मी घरातून निघताना येतात, आणि संध्याकाळी नानांना खाली फिरवून आणलं की जातात.

नानांना विचारलं, "हा कशाला घेतला होता?"

"सैल करायला."

"काय सैल करायला?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खिडकीकडे बघायला लागले. फॉर्मवर लिहिलं: 'वस्तू उचलून ठेवतात. कारण सांगता येत नाही.'

युकुलेलेच्या पहिल्या दोन खुंट्यांचे स्क्रू आपोआप पाव फेरा सैल झालेत. आता चारही तारा वर.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर घरी होतो. चारही तारा जागच्या जागी, तीन भागांच्या आत. मी घरी असलो की खिडक्या उघड्या असतात, हवा खेळती राहते. म्हणजे उष्णतेचाच प्रश्न होता. मावशींना उद्यापासून खिडक्या उघड्या ठेवायला सांगायचं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

खिडक्या उघड्या होत्या. १९९, २०२, २००, २०१. बरोबर एक पूर्ण स्वर वर, कालच्यासारखाच.

लाकूड इतकं शिस्तीत फुगत नाही, एवढं मलाही कळतं. फोनवर संशय आला. प्रयोगशाळेत कंपनं मोजायचं यंत्र आहे, त्याच्याशी फोन पडताळून पाहिला. फोन निर्दोष. मग मावशींना विचारलं, पुसताना खुंट्यांना धक्का लागतो का.

"मी कशाला हात लावू, साहेब? तुम्ही एवढं जपता त्याला."

"मग दुपारी त्या खोलीत असतं कोण?"

"कोण असणार? नाना डोळा लागल्यासारखे पडतात, मी आपली भाजी निवडत बसते." असं म्हणून त्या घाईने स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी घासायला लागल्या. घासताना काहीतरी गुणगुणत होत्या. चाल कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली. हल्ली एकेक चाल सगळीकडेच वाजते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नानांची नखं कापायचा दिवस. महिन्यातून दोनदा मी कापतो. नऊ नखं कापू दिली, उजव्या अंगठ्याचं नाही. मूठ मिटून बसले. "ते राहू द्या." लहान मुलासारखा हट्ट. मी अर्धा तास कात्री हातात घेऊन बसलो, मग सोडून दिलं. फॉर्मवर 'स्वच्छतेबाबत सहकार्य' ह्यापुढे 'अंशतः' लिहिलं.

१९८, २००, २००, २०३.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल वाद्यांच्या दुकानातून दात्यांच्या नव्या खुंट्या आणल्या. दुकानदार नव्या तारा पण देत होता. घेतल्या नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कशात होता ते कळत नाही. शिवाय ह्या तारा हिने लावलेल्या आहेत. टोकांना तिने मारलेल्या गाठी अजून तशाच आहेत.

आज बसवल्या. जुन्या खुंट्या काढल्या तर भोकं नव्या खुंट्यांना किंचित लहान. गोल कानशीने थोडी थोडी वाढवली. घाई केली असती तर लाकूड चिरलं असतं. मागून एकेक बारीक स्क्रू. चारही खुंट्या आता कानांसारख्या बाहेर आलेल्या दिसतात. बोटाने नुसतं फिरवलं तरी दाते एकेक करून सरकतात आणि सोडलं की जागेवर थांबतात. चांगलं यंत्र हातात घेतलं की मला बरं वाटतं, तसं वाटलं.

नाना समोरच्या खुर्चीत बसून सगळा वेळ बघत होते. मी हत्यारं आवरायला लागलो तेव्हा म्हणाले, "हे बरं केलंत. फिरवायला हलकं झालं." सकाळी मी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला होता, त्याबद्दल म्हणाले असावेत. त्यांनी स्वतःहून पूर्ण वाक्य बोलल्याला किती दिवस झाले होते! रात्री जेवताना भात मागून घेतला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

२००, २००, १९९, २००.

मी खुर्चीत बसून राहिलो. दात्यांची खुंटी चढत नाही. हे यंत्रशास्त्रात बसत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानदाराकडे गेलो. आकडे दाखवले. तो चष्मा कपाळावर चढवून माझी वही बघत राहिला, आणि मग मनापासून हसला.

"साहेब, खुंटी बिघडली तर तार उतरते. चढत नाही. चढणारी खुंटी मिळाली तर मला आणून द्या, मी दुकान बंद करून घरी बसतो."

"पण रोज चढते."

"घरात वाजवतं कोण?"

"कोणी नाही."

"तुम्ही दिवसभर कुठे असता?"

"कामावर."

"बघा बुवा," एवढंच म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला त्याचा राग आला. रस्त्याने येताना मावशींचा संशय आला. गुणगुणत होत्या, हेही आठवलं. सरळ बाई वाटत होती. परवा अर्धी रजा टाकायची.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

साडेदहाला नेहमीप्रमाणे लावलं. वहीतल्याप्रमाणे, चारही तारा दोन भागांच्या आत. पावणेअकराला निघालो, दीड वाजता परत आलो. जिन्यातच तार छेडल्याचा आवाज आला. दार नुसतं लोटलेलं होतं. मावशींना रंगेहाथ पकडायचं म्हणून चपला बाहेर काढल्या.

मावशी जमिनीवर बसून भाजी निवडत होत्या. युकुलेले नानांच्या मांडीवर होतं. उजव्या अंगठ्याच्या नखाने ते तार छेडत, मान तिरकी करून ऐकत, आणि खुंटी केसभर फिरवत. हात थरथरत होते, पण खुंटीवर बोटं टेकली की थांबत होते. समोर फोन नाही, काही नाही. चौथी तार लावून झाल्यावर त्यांनी चारही एकदम छेडल्या आणि एक चाल वाजवायला घेतली. मावशी गुणगुणत होत्या तीच. आणि मला कळलं की ती मी कुठे ऐकली आहे. ही दळण निवडताना, मुलीची वेणी घालताना, दवाखान्यात रांगेत बसल्यावर गुणगुणायची तीच चाल. फक्त हिची खालच्या सुरात असायची.

मावशींनी मला पाहिलं आणि भाजीची परात घेऊन उठल्या. "साहेब, रागावू नका त्यांच्यावर. मीच सांगितलं नाही तुम्हाला."

नाना उठले नाहीत. दचकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "खुंट्या भिकार निघाल्या तुमच्या. तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, पण उपयोग नाही. दुपारी लावून ठेवतो, दुसऱ्या दुपारी बघावं तर चारही उतरलेल्या."

अठरा दिवस एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने हे, आणि दोघं मिळून शिव्या खुंट्यांना.

"नाना, खुंट्या उतरत नाहीत," मी म्हटलं. "रोज सकाळी मी उतरवतो."

"तुम्ही? का?"

"ती तशीच लावायची. वहीत लिहून ठेवलंय तिने." वही आणून दाखवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली.

"हे खालचं आहे," ते म्हणाले. "मी तिला असं नव्हतं शिकवलं. नऊ वर्षांची होती. आवाज केवढा उंच होता तिचा! ह्या सुरात तिला गाताच आलं नसतं."

नानांनी तिला शिकवलं होतं, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी ते आणून दिलं होतं, एवढंच ही म्हणाली होती. मी कधी पुढे विचारलं नाही.

"बाळंतपणानंतर आवाज बसला तिचा," मी सांगितलं. "वर जाईना. मग तिने एक स्वर खाली उतरवलं. मी ऐकलं ते सगळं खालचंच."

नानांनी वही मिटली. "मला नाही सांगितलं तिने," असं म्हणाले. आणि मग, "सांगणार कधी? मी होतो कुठे?"

मी त्यांना विचारलं, मी घरात असताना का नाही वाजवलं. म्हणाले, "तुमची वस्तू. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. तुम्हाला काही विचारायची मला सवय नाही." हे ते भांडल्यासारखं नाही, नुसतं सांगितल्यासारखं बोलले.

ते आत गेल्यावर मोजलं. २००, २००, २००, १९९. कानाने. मी फोन समोर ठेवून लावतो तेव्हाही दोन-तीन भाग इकडे तिकडे होतात.

मग फॉर्म काढून बसलो. 'एखादं काम स्वतःहून हाती घेऊन पूर्ण करतात का?' त्यापुढचं माझं 'नाही' बघितलं आणि मला स्वतःची लाज वाटली. छत्तीस वर्षांत मी एकाही काट्यावर न तपासता शेरा मारला नव्हता. आणि ह्या माणसाबद्दल आठ पानं भरली. खोडरबर घेऊन सगळी पानं पुसली. कागद चुरगळला, पण पुसली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी युकुलेलेला हात लावला नाही. नानांच्या सुरात होतं तसंच राहू दिलं. उतरवू नये असं वाटलं. खरं सांगायचं तर उतरवावंसं फार वाटत होतं. त्या सुरात ती माझ्या ओळखीची नाही. पण ती त्यांची मुलगी आधी होती, आणि ती नऊ वर्षांची असताना मी कुठेच नव्हतो.

मेव्हण्याला कामावरूनच फोन केला. जागा नको म्हणून सांगितलं.

"दाजी, नीट विचार केलात का? तुम्हाला एकट्याला झेपणार आहे का हे?"

"एकटा कुठे आहे मी? नाना आहेत ना," मी म्हटलं. फोन ठेवून दिला.

संध्याकाळी घरी आलो तर नाना खाली फिरायला गेलेले नव्हते. आतल्या खोलीत डोळे मिटून पडले होते. मावशी पिशवी खांद्याला लावून दारात माझी वाट बघत होत्या. "नानांनी निरोप ठेवलाय," त्या म्हणाल्या. "म्हणाले, साहेबांना सांगा, आज उतरल्या नाहीत, मीच उतरवल्यात. वहीतल्याप्रमाणे आहेत का ते बघा म्हणाले."

त्या गेल्यावर दार लावलं. फोन काढला. शून्य, एक, शून्य, शून्य. चारही हिच्या सुरात. त्या सुरात तिला त्यांनी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. वहीत बघून, कानाने, थरथरत्या हातांनी लावला होता, माझ्यासाठी.

स्टूल जवळ ओढून मी अंगठ्याने एकेक तार छेडली. पहिल्यापासून चौथीपर्यंत, आणि परत. मला वाजवता येत नाही, म्हणून तेवढंच. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. ती गेल्यानंतर मी बरीच कामं केली होती, हे केलं नव्हतं. आतल्या खोलीतून नाना म्हणाले, "तिसरी जरा बघा. मला शंका आहे." तिसरी बरोबर होती. मी म्हटलं, "तुम्हीच येऊन बघा." ते उठून येत असल्याचा, भिंतीला धरत धरत येत असल्याचा आवाज आला. खुर्ची त्यांच्यासाठी पुढे सरकवली.

जेवणं झाल्यावर मुलीला फोन केला. ती म्हणाली, "काय रे बाबा, झालं का तपासून? कधी पाठवतोस?" मी सांगितलं की खुंट्यांमध्ये अजून दोष दिसतो आहे, इतक्यात पाठवता येणार नाही, वेळ लागेल. फारच आठवण आली तर इथे येऊन वाजव, आजोबा लावून देतील. खुंट्यांत काहीही दोष नाही. नोकरीला लागल्यापासून दिलेला हा माझा पहिला खोटा अहवाल.